‘पागोळी’च्या प्रकल्प नोंदी: खेळणारे काय म्हणाले

७ जून २०२५, शनिवार

आमच्या ‘पागोळी’ या गेमचा, दुसऱ्याच्या हातात देण्याजोगा पहिला बिल्ड (खेळता येईल अशी प्रत) आज निघाला. कोडमधल्या बदलांचा हिशेब गिट हे सॉफ्टवेअर ठेवतंच, त्यामुळे इथे फक्त मतं: कोण काय म्हणालं, म्हणताना पडद्यावर काय चाललं होतं, आणि आम्ही त्याचं काय केलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेलं मत दोन दिवसांत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं, म्हणून ही वेगळी फाइल.

गेम असा: आपण काजवा. वरून पावसाचे थेंब नक्षी धरून येतात, कधी चक्र, कधी पंखा, कधी जाळी. थेंब अंगावर पडला की विझलो. काजवा आपोआप ठिणग्या सोडतो, त्यांनी ढग फुटतात, ढगातून उजेड मिळतो आणि उजेड खर्चून अपग्रेड घ्यायचे. एक फेरी साधारण मिनिटभराची. विझलं की दुकान, दुकानातून परत पावसात. अडीच-तीन तासांत सगळं संपावं आणि किंमत दीडशेच्या आत असावी, एवढं आमचं आधीपासून ठरलेलं. चित्रं आणि आवाज दादाचे (माझा चुलतभाऊ, भांडुपला असतो), कोड माझा.

१५ जून, रविवार

टेस्टर जमले. सगळे ओळखीतलेच, पण मुद्दाम वेगवेगळ्या सवयींचे.

दादाच्या ऑफिसातला एक जण तोहो मालिकेचा (गोळ्यांचा वर्षाव चुकवत खेळायचे जपानी गेम) भक्त. न मरता, एकही बॉम्ब न वापरता पातळी पार करणे हा त्याचा रविवार. माझी कॉलेजची मैत्रीण, परळच्या ऑफिसात दुसऱ्या टॅबमध्ये कुकी क्लिकर (क्लिक करत बिस्किटांचा आकडा वाढवायचा गेम) उघडा ठेवून काम करणारी. आमच्या खालच्या मजल्यावरचा दहावीतला मुलगा, जो फुकट मिळेल ते खेळतो. आणि वहिनी, म्हणजे दादाची बायको. सकाळच्या लोकलमध्ये फोनवर रंगीत गोळ्या जुळवण्यापलीकडे त्यांनी काही खेळलेलं नाही.

पहिल्याच दिवशी भक्त आणि मैत्रीण यांची मतं एकमेकांच्या डोक्यावर आपटली. तो म्हणाला, “अपग्रेडने जिंकायचं असेल तर मी कशाला हवा?” ती म्हणाली, “अपग्रेड घेऊनही मीच हातपाय मारायचे असतील तर अपग्रेड कशाला?”

दोघांचंही बरोबर आहे, आणि खरी पंचाईत तीच. बुलेट हेल (गोळ्यांच्या नक्षीतून वाट काढायचे गेम) हा आर्केडचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्रांचा वारसा. १९९३ चा बॅटसुगुन, १९९५ चा डोनपाची. तिथे यंत्र एका डावातून पुढच्या डावात तुम्हाला काही देत नाही. तुम्ही शिकता, तुमचे डोळे तयार होतात, गोळ्या तेवढ्याच राहतात. इन्क्रिमेंटल, म्हणजे अपग्रेड घेत आकडे वाढवत न्यायचा प्रकार, बरोबर उलटा. २०१३ च्या कुकी क्लिकरमध्ये खेळणारा काही शिकत नाही, आकडे वाढतात. हे दोन्ही एका ताटात वाढायचे तर कोणी तरी अर्धपोटी उठणार. २०२१ च्या डिसेंबरात, पुरा होण्याआधीच, अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आलेल्या व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्सने यातून वाट काढली ती गोळ्यांची दिशा उलटवून: गोळ्यांचा पाऊस तुम्हीच पाडता आणि शत्रू त्यात भिजतात. पुढे २०२३ मध्ये त्याला बाफ्टाचा सर्वोत्तम गेमचा मान मिळाला. आम्हाला मात्र पाऊस वरूनच हवा आहे. नाव पागोळी आहे.

२२ जून, रविवार

वहिनींचा लॅपटॉप जुना. तिसऱ्या ढगापाशी गेम अक्षरशः रांगायला लागला.

कारण समोर होतं. प्रत्येक थेंब गोडोमधला (आम्ही गेम ज्यात बनवतो ते इंजिन) स्वतंत्र एरिया-टूडी नोड, म्हणजे टक्कर स्वतः ओळखणारा घटक होता. असे दोन हजार नोड झाले की इंजिन प्रत्येकाची टक्कर, प्रत्येकाचे सिग्नल सांभाळत बसतं, आणि सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला मिळतात जेमतेम १६.६ मिलिसेकंद. आता थेंब नोड नाहीत. त्यांच्या जागा आणि वेग एका अ‍ॅरेत, चित्र काढायचं काम मल्टिमेशकडे, जो सगळे थेंब एकदम काढतो. थेंबांना एकमेकांशी काही देणंघेणं नाही, टक्कर फक्त काजव्याशी. त्यामुळे फिजिक्स इंजिन हवंच कशाला? प्रत्येक थेंबाचं काजव्यापासूनचं अंतर, तेही वर्गमूळ न काढता वर्गातच तपासायचं, झालं. तोच लॅपटॉप, तोच ढग, लोण्यासारखा चालला.

वहिनी नाराज! “अगं, आधी बरा होता की. थेंब फार झाले की आपोआप हळू व्हायचा, तेवढ्यात मला वाट दिसायची. आता कुठे बघू?”

मी हसले, पण दादा म्हणाला की भक्ताला विचार. भक्त अजिबात हसला नाही. आर्केडच्या जुन्या यंत्रांवर गोळ्या जास्त झाल्या की हार्डवेअर दमायचं आणि खेळ मंदावायचा. खेळणाऱ्यांनी त्याच मंदपणाच्या भरवशावर वाटा बसवल्या, आणि नंतर त्याच गेमच्या नव्या आवृत्त्या काढताना तो मंदपणा जपावा लागला. म्हणजे घरी बसून वहिनींनी स्वतःहून शोधलेली गोष्ट त्या मंडळींना पाठ आहे.

ठरलं: मंदपणा परत आणायचा, पण विकत. अपग्रेडचं नाव ‘सावकाश’. काजव्याभोवती ठरावीक संख्येपेक्षा जास्त थेंब आले की वेळ ६० टक्क्यांवर येतो. पहिली पातळी स्वस्त ठेवली, वहिनींसाठी.

२८ जून, शनिवार

मैत्रिणीचं मत, ऑफिसातून, मेसेजवर: “एक टक्का, दोन टक्के असले अपग्रेड नकोत. घेतलं ते दिसलं पाहिजे.”

मान्य, आणि लगेच. कुकी क्लिकरमध्ये प्रत्येक इमारत आधीच्यापेक्षा १५ टक्के महाग होत जाते. तिथे तुम्ही महिनोन्‌महिने राहणार असता, हळूहळू चढणारी किंमत तिथे शोभते. तीन तासांच्या गेममध्ये प्रत्येक खरेदीनंतरची फेरी वेगळी दिसली नाही तर ती खरेदी म्हणजे नुसतं बटण. ठिणग्यांचे बारा टप्पे होते, पाच केले. किंमत प्रत्येक टप्प्याला दुपटीहून थोडी जास्त. २०२४ च्या नोडबस्टरनंतर असे छोटे, स्वस्त, अपग्रेडच्या झाडाभोवती फिरणारे गेम बरेच आले, आणि ते खेळलेल्या माणसाची सहनशक्ती याबाबतीत फार कमी असते. कमी असावीही.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

आजची नोंद मोठी, कारण आज खरं काय ते कळलं.

खालचा मुलगा दुपारी आला. आईने त्याच्या हातात साबुदाण्याच्या खिचडीची बशी दिली, ती त्याने कीबोर्डशेजारी ठेवली आणि विसरला. पहिला अर्धा तास बशीकडे बघितलंसुद्धा नाही. जीभ दातांत, मान पुढे, बाणांच्या कळांवर तीन बोटं. विझला की “आयला!” आणि दुकानात न रेंगाळता परत आत. मी मागे खुर्चीवर, काही बोलायचं नाही असं ठरवून.

चौथ्या ढगानंतर त्याने ‘ठिणगी’ची शेवटची पातळी आणि ‘कवच’ एकदम घेतलं. पुढच्या फेरीत ढग वर दिसायच्या आत फुटायला लागले. जे थोडे थेंब खाली पोचत होते ते कवचावर आपटून जिरत होते. त्याने तीन-चारदा उगाच डावीउजवीकडे केलं. मग डावा हात कळांवरून उचलला, चमचा घेतला आणि खिचडी खायला लागला. उजेडाचा आकडा वाढत होता, तो बघत होता, चावत होता. शेंगदाणा खाली पडला तर वाकून उचललादेखील. पुढच्या तिन्ही ढगांत त्याने एकही कळ दाबली नाही, तरी विझला नाही.

संपल्यावर विचारलं, कसा वाटला? “भारी आहे ताई. पण लांब आहे.”

गंमत ही की तोच गेम भक्ताने गेल्या आठवड्यात याच्या निम्म्या वेळात संपवून “छोटा आहे” असं लिहून पाठवलं होतं. दोघांची मतं नुसती कागदावर शेजारी ठेवली असती तर सरासरी काढून म्हटलं असतं, लांबी बरोबर आहे. पण मुलाचा ‘लांब’ नक्की कुठून सुरू झाला ते मी पाहिलं आहे: चमचा उचलला तिथून. आणि भक्त कवच घेतच नाही, त्यामुळे त्याला तो कंटाळवाणा पट्टा लागलाच नाही. तक्रार तासांची नाहीच. हात रिकामे झाल्यावर किती वेळ बसावं लागतं, त्याची आहे.

दादाला फोन केला. तो पंढरपूरचं लाइव्ह बघत होता, तरी ऐकलं त्याने. म्हणाला, “मग कवच काढून टाक.” इतकं सोपं नाही. कवच काढलं तर वहिनी तिसऱ्या ढगापाशीच अडकतील. ताकद वाढली पाहिजे, नाहीतर तो इन्क्रिमेंटल कसला. पण वाढलेली ताकद हात रिकामे करणारी नको.

१२ जुलै, शनिवार

उपाय नवा नाही, उसना आहे. २००० च्या सायव्हेरिया या जपानी आर्केड गेममध्ये गोळीला घासून गेलं की जहाजाची पातळी वाढते. तोहोमध्येही गोळी चाटून जाण्याला गुण मिळतात. म्हणजे चुकवणं हीच कमाई.

पागोळीत आता हिटबॉक्स (थेंब लागला असं धरायची जागा) म्हणजे काजव्याच्या पोटातला ठिपका, तीन पिक्सेल त्रिज्येचा. त्याभोवती अठरा पिक्सेलचं कडं. थेंब कड्यातून गेला आणि ठिपक्याला लागला नाही, तर उजेड. एक थेंब एकदाच मोजायचा, नाहीतर लोक सावकाश पडणाऱ्या थेंबाला चिकटून बसतील. ढग फोडून मिळणारा उजेड निम्म्यावर आणला.

दुसरा बदल याहून महत्त्वाचा. दुकानात नवा खाना, ‘दाट ढग’. यात उजेड खर्चून आपण जास्त थेंब विकत घेतो. थेंब जास्त, म्हणून घासून जाण्याची कमाई जास्त, म्हणून धोकाही जास्त. कवच राहिलं, पण कवचावर फुटलेल्या थेंबाचा उजेड शून्य. ज्याला बसून राहायचं आहे त्याने बसावं, आकडा मुंगीच्या पावलांनी चालेल.

२० जुलै, रविवार

सगळ्यांनी नवा बिल्ड खेळला.

भक्त खूश. लगेच पुढची मागणी: कड्याचा आकार बदलता यावा, तोही लहान करता यावा. लहान कडं, जास्त भाव. (हे लोक असेच. यांना सोय दिली की त्यातली अडचण मागतात.) दिलं.

मैत्रीण चिडली. “मी आकडे वाढवायला आले होते, आता जीव मुठीत धरून आकडे वाढवायचे?” तरी तिने खेळ पुरा केला, आणि तोही एका बैठकीत, जे आधी झालं नव्हतं. वरून मला विचारते, दाट ढगाची पाचवी पातळी घेऊ का नको. पंधरा मिनिटं आमचा त्यावर काथ्याकूट. आधीच्या बिल्डमध्ये ‘काय घेऊ’ हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. जे परवडेल ते घ्यायचं, बस. म्हणून तिची चीड मी तक्रारीच्या रकान्यात टाकलेली नाही.

एक मात्र तिचं शंभर टक्के ऐकलं. ऑफिसात दुसऱ्या टॅबमागे गेम ठेवायचा तर मधूनच उठता आलं पाहिजे. फेरीच्या मध्ये थांबवलं तर परत सुरू करताना तीन सेकंदांची उलटी मोजणी हवी. ते केलं.

मुलगा आला नाही, युनिट टेस्ट आहे म्हणे.

२ ऑगस्ट, शनिवार

आकडे. वहिनींना १.२ एम म्हणजे किती ते कळत नाही, आणि का कळावं? सेटिंगमध्ये लाख-कोटी घातले. स्वल्पविरामही आपल्या पद्धतीने, १२,५०,००० असा. दादा म्हणाला, घालतेस तर पूर्ण घाल, भास्कराचार्यांची यादी आहेच: अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. चौसष्ट बिटांच्या पूर्णांकात ते आरामात बसतं, आणि आमचा गेम संपेपर्यंत आकडा जलधीच्या पुढे जात नाही. मोठ्या आकड्यांसाठी वेगळी लायब्ररी लावायची गरज टळली. छोटा गेम करण्याचे असे फायदे कोणी सांगत नाही.

९ ऑगस्ट, शनिवार, राखी पौर्णिमा

दादा राखी बांधून घ्यायला आला. ओवाळणी म्हणून त्याने स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाची १०० डॉलरची नोंदणी फी भरली. (गेमने १००० डॉलरचा गल्ला केला की ती परत मिळते. म्हणजे ओवाळणी परत जाण्याची शक्यता आहे, हे त्याने तीनदा सांगितलं.)

मग नारळीभात खात किमतीवरून भांडण. मी १२९ म्हणते, तो १९९. टेस्टरांना विचारलं होतं. मुलगा म्हणाला फुकट. मैत्रिणीने भागाकार केला: अडीच तास, १२९ रुपये, म्हणजे तासाला पन्नास, ठीक आहे. भक्ताला भागाकारच पटत नाही. त्याच्या लेखी चांगला आर्केड गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत अर्ध्या-पाऊण तासाचाच असतो, आणि लोक तो वर्षानुवर्षं खेळतात.

खरी अडचण भक्ताच्या वेगाची आहे. तो विझतच नाही, त्यामुळे त्याचा खेळ दोन तासांच्या आत संपतो. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणजे गेम पुरा करायचा, टाळ्या वाजवायच्या आणि पैसे परत घ्यायचे, हे नियमात बसतं. दादाचं म्हणणं, शेवटच्या दोन ढगांच्या अपग्रेडची किंमत तिप्पट कर, सगळे दोन तासांच्या पुढे जातील.

मी नाही म्हटलं. त्या तिप्पट किमतीचा भुर्दंड भक्ताला नाही बसणार, त्याची कमाई तशीही जास्त आहे. बसणार वहिनींना आणि खालच्या मुलाला. आणि ज्याने पैसे परत घ्यायचे ठरवलं आहे त्याच्यासाठी बाकीच्यांना अर्धा तास दळण दळायला बसवायचं, हा कुठला न्याय? शिवाय स्टीमवर प्रत्येक मताशेजारी तो माणूस किती तास खेळला ते दिसतं. १.८ तास खेळून “सुंदर” लिहिणारा मला चालेल. ४ तास खेळून “उगाच ताणलंय” लिहिणारा महागात पडेल.

१२९. १८ टक्के जीएसटी आणि दुकानाचा ३० टक्के वाटा जाऊन जे उरेल ते उरेल. दादाने दुसऱ्यांदा भात घेतला, म्हणजे मान्य.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शहर पाण्यात, लोकल बंद, ऑफिसने घरूनच काम करा सांगितलं. पाऊस बघत पावसाचा गेम दुरुस्त केला. एरवी हा विनोद दादाने केला असता.

तक्रार जुनी, सगळ्यांचीच: शेवटच्या ढगांत काही दिसत नाही. आपल्याच ठिणग्या इतक्या की त्यात थेंब हरवतो, आणि न दिसलेल्या थेंबाने विझणं कोणालाच मान्य नसतं, भक्तालाही नाही. ताकद वाढवत नेणाऱ्या प्रत्येक गोळीबाजीच्या गेममध्ये हे दुखणं शेवटाला उमटतं. आता ठिणग्या सगळ्यात खालच्या थरात, तीस टक्के गडदपणाच्या. थेंब सगळ्यात वर, पांढरा गाभा आणि भोवती काळी कड. पार्श्वभूमीला दादाने काढलेली कौलं होती, सुंदर, तपकिरी. ती चौथ्या ढगानंतर विरत जातात. त्याला अजून सांगितलेलं नाही.

वीज चमकते तिथे सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट होणार नाहीत असं बंधन घातलं, शिवाय पूर्ण बंद करायचा पर्याय. मिरगीचा त्रास असणाऱ्याला तीनच्या वरचा लखलखाट धोक्याचा ठरू शकतो.

२३ ऑगस्ट, शनिवार

कौलांचं कळलं त्याला. आता ‘कौलं ठेवा’ असाही पर्याय सेटिंगमध्ये आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

गणपतीत काम झालं नाही, ते धरलेलंच होतं. विसर्जनानंतर डेमो वर चढवला: पहिले तीन ढग, दुकानाचा अर्धा भाग. गेल्या वर्षीच्या जुलैपासून स्टीमवर डेमोला स्वतःचं पान आणि स्वतःची मतं मिळू शकतात, तो मार्ग घेतला. दहा मतं होईपर्यंत वर टक्केवारीचा शिक्का दिसत नाही, त्यामुळे सध्या मतं वाचायची, मोजायची नाहीत.

अनोळखी लोकांची मतं ओळखीच्यांपेक्षा वेगळी असतील असं वाटलं होतं. बरीचशी तीच. ‘छोटा आहे’ दोन्ही सुरांत येतंय. एकजण त्याचं कौतुक करतोय, एक त्याच कारणाने नाराज. आमच्या बिल्डमध्ये प्रत्येक फेरीत शेवटची कळ कधी दाबली ते त्या त्या संगणकावरच साठवलं जातं, आणि वाटलं तर खेळणारा ती फाइल आम्हाला पाठवतो. नाराज माणसाने पाठवली. दाट ढगाच्या तिन्ही पातळ्या घेऊन झाल्यावर डेमोत विकत घेण्यासारखं काही उरत नाही, तरी शेवटचा ढग फुटायला त्याला आणखी सात फेऱ्या लागल्या. हात चालू होते, दुकान रिकामं होतं. खिचडीच्या उलटी तऱ्हा, पण तितकाच सुना पट्टा.

डेमोच्या तिसऱ्या ढगाची ताकद एक तृतीयांशाने कमी केली. पूर्ण गेममध्ये प्रत्येक ढगाआधी निदान एक न घेतलेला अपग्रेड शिल्लक राहतो का, हे तपासणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. सहाव्या ढगापाशी नापास झाली. तिथे ‘सावकाश’ची शेवटची पातळी पुढे ढकलली की जमतंय, पण मग वहिनींना पाचवा ढग तिच्याशिवाय फोडावा लागेल. पुढच्या शनिवारी त्या माहेरी ठाण्याला आहेत, लॅपटॉप घेऊन मीच तिकडे जाते.